मॅसॅच्युसेट्स चाइल्ड सायकायट्री ॲक्सेस प्रोजेक्ट

मॅसॅच्युसेट्स चाइल्ड सायकायट्री ॲक्सेस प्रोजेक्ट (संक्षेपाने 'एमसीपॅप') हा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात इ.स. २००४ मध्ये सुरू झालेला, राज्य शासनाच्या निधीवर चालणारा आरोग्य प्रकल्प आहे. मुलाला नेहमी तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला किंवा कुटुंबवैद्याला बालमनोविकारतज्ज्ञाचा सल्ला दूरध्वनीवरून, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, मिळवून देणे हे या प्रकल्पाचे मुख्य कार्य आहे. मुलांची मानसिक आरोग्यसेवा वेगळ्या रुग्णालयात न नेता नेहमीच्या बालरोग दवाखान्यातच उपलब्ध व्हावी, या विचारावर तो आधारलेला आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांनी पुढे याच धर्तीवर आपापल्या सल्लासेवा उभारल्या.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ हा बहुतेक मुलांचा प्राथमिक वैद्य असतो. मूल आजारी नसतानाही त्याला ठरावीक वयात तपासणीसाठी आणण्याची तेथे पद्धत आहे. जन्मापासून पहिल्या तीन वर्षांत अशा सुमारे डझनभर भेटी होतात आणि त्यानंतर तारुण्यापर्यंत दरवर्षी एक भेट होते. त्यामुळे मुलाची वाढ, घरातील वातावरण आणि शाळेतील प्रगती यांची इतकी दीर्घकाळ ओळख असलेला दुसरा वैद्यकीय व्यावसायिक सहसा नसतो. वर्तनातील किंवा मनःस्थितीतील बदल पालक प्रथम त्याच्याच कानावर घालतात. अनेकदा तो बदल पोटदुखी, डोकेदुखी किंवा झोप न लागणे अशा शारीरिक तक्रारीच्या रूपाने पुढे येतो.

संसर्गजन्य रोग लसीकरणाने आटोक्यात आल्यावर बालरोगशास्त्रापुढील प्रश्नांचे स्वरूप बदलले. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट हॅगर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्तनसमस्या, शिकण्यातील अडचणी आणि कौटुंबिक ताण यांना 'नवी रुग्णता' असे संबोधले. ही संज्ञा बालरोगशास्त्रात रूढ झाली. प्रशिक्षणाचा भर मात्र पुढेही बराच काळ शारीरिक आजारांवरच राहिला. मानसिक विकारांची सुरुवात किती लवकर होते, हेही दरम्यान स्पष्ट होत गेले. रोनाल्ड केसलर यांच्या नेतृत्वाखालील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होणाऱ्या व्यक्तींपैकी निम्म्यांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत झालेली असते.

दुसऱ्या बाजूला बालमनोविकारतज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने फारच अपुरी होती. लोकसंख्येच्या तुलनेत मॅसॅच्युसेट्समध्ये हे तज्ज्ञ इतर बहुतेक राज्यांपेक्षा अधिक आहेत. तरीही तेथील पालकांना पहिल्या भेटीसाठी अनेक महिने थांबावे लागे. बरेच तज्ज्ञ विम्याचे रुग्ण घेत नसत आणि जे घेत, त्यांची प्रतीक्षायादी बंद झालेली असे. बालरोगतज्ज्ञाने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन पालक दारोदार फिरत आणि त्या काळात मुलाच्या उपचारांची जबाबदारी कोणाकडेच नसे. तुटवडा केवळ संख्येचा नव्हता. आहेत त्या तज्ज्ञांचे ज्ञान गरजेच्या ठिकाणी, म्हणजे बालरोग दवाखान्यात, पोहोचत नव्हते.

== स्थापना ==

प्रकल्पाचे बीज वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात राबवलेल्या एका लहान प्रयोगात आहे. राज्याच्या मध्य भागातील बालरोग दवाखान्यांना बालमनोविकारतज्ज्ञांशी थेट बोलण्याची सोय या प्रयोगात करून देण्यात आली. प्रतिसाद चांगला मिळाल्याने ही सेवा राज्यभर नेण्याचे ठरले. २००४ मध्ये विस्तारास सुरुवात झाली आणि वर्षभरात सर्व विभागांत सेवा उपलब्ध झाली. राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाने निधी पुरवला. स्वतः बालरोगतज्ज्ञ असलेले जॉन स्ट्रॉस हे संस्थापक संचालक होते आणि बालमनोविकारतज्ज्ञ बॅरी सार्वेट यांचाही प्रकल्पाच्या उभारणीत मोठा वाटा होता. दवाखान्यातील डॉक्टरला नेमकी कोणती अडचण येते, याची जाण रचनेत सुरुवातीपासूनच दिसते.

== कार्यपद्धती ==

आरंभी राज्याचे सहा विभाग करून प्रत्येक विभागासाठी एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत एक पथक नेमण्यात आले. पुढे या पथकांची फेररचना करून त्यांची संख्या कमी करण्यात आली. पथकात बालमनोविकारतज्ज्ञ, मानसोपचार करणारा परवानाधारक समुपदेशक आणि सेवा-समन्वयक असे तीन प्रकारचे कर्मचारी असतात. कामाच्या दिवशी दिवसभरात केव्हाही डॉक्टरने दूरध्वनी केला की त्याला सल्ला मिळतो. रुग्णाचा विमा कोणता आहे किंवा विमा आहे की नाही, हे सल्ल्यापूर्वी पाहिले जात नाही. डॉक्टर किंवा पालक यांच्याकडून शुल्कही घेतले जात नाही. ही साधी वाटणारी अट प्रकल्पाच्या यशात निर्णायक ठरली, कारण अमेरिकी आरोग्यव्यवस्थेत तज्ज्ञापर्यंतची वाट प्रामुख्याने विम्याच्या मंजुरीपाशीच अडते.

उदाहरणादाखल, शाळेच्या दिवशी सकाळी वारंवार पोट दुखणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची स्थिती घेता येईल. शारीरिक तपासण्या निर्दोष आहेत, सुटीत दुखणे थांबते आणि पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीत चिंतेकडे निर्देश करणारी उत्तरे आहेत. बालरोगतज्ज्ञ पथकाला दूरध्वनी करतो. मनोविकारतज्ज्ञ त्याला प्रतिप्रश्न विचारतो. वाचन-लेखनात अडचण आहे का, वर्गात कोणी छळते का, घरात अलीकडे काही बदल झाला आहे का, कुटुंबात कोणाला चिंताविकार आहे का, मुलीने स्वतःला इजा करण्याविषयी कधी काही म्हटले आहे का, अशी ही चौकशी असते. त्यानंतर चिंताविकारासाठीची स्वतंत्र प्रश्नावली भरून घ्यावी, शाळेशी बोलावे आणि विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचार सुरू करावेत, असे सुचवले जाऊ शकते. तसा उपचार देणारा, त्या कुटुंबाचा विमा स्वीकारणारा आणि जागा असलेला समुपदेशक शोधून देणे हे समन्वयकाचे काम असते. तो मिळेपर्यंत पथकातील समुपदेशक काही काळ स्वतः मुलीला भेटू शकतो.

दूरध्वनीवर उलगडा न झाल्यास पथकातील तज्ज्ञ मुलाला एकदा प्रत्यक्ष तपासतो आणि आपले मत बालरोगतज्ज्ञाला लेखी कळवतो. पुढील उपचार मात्र बालरोगतज्ज्ञच करतो. गुंतागुंतीच्या विकारांच्या बाबतीत रुग्ण दीर्घकालीन मनोविकारसेवेकडे पाठवला जातो. अवधानातील अस्थिरता व अतिचंचलता, नैराश्य आणि चिंताविकार हे सल्ल्याचे सर्वांत नेहमीचे विषय आहेत.

या व्यवस्थेचा एक परिणाम शैक्षणिक स्वरूपाचा आहे. एकाच प्रकारच्या रुग्णाविषयी तीन-चार वेळा सल्ला घेतल्यावर डॉक्टर पुढच्या रुग्णाला स्वतःच हाताळू लागतो. वैद्यकीय परिषदांतील व्याख्यानांपेक्षा समोर बसलेल्या मुलाविषयी मिळालेले मार्गदर्शन अधिक लक्षात राहते, असे प्रकल्पाच्या प्रवर्तकांचे प्रतिपादन आहे.

== चाळणी तपासणी आणि रोझी डी. खटला ==

मानसिक समस्या वेळीच ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी 'पेडियाट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट' ही मॅसॅच्युसेट्समध्येच तयार झाली. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मायकेल जेलिनेक, जे. मायकेल मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. तीत ३५ विधाने आहेत. प्रत्येक विधान मुलाच्या बाबतीत 'कधीच नाही', 'कधीकधी' की 'नेहमी' लागू पडते, हे पालक नोंदवतात आणि त्यानुसार ०, १ किंवा २ गुण दिले जातात. ६ ते १६ वर्षे वयोगटात २८ किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी आवश्यक मानली जाते. प्रतीक्षागृहात बसून काही मिनिटांत भरता येणारी ही प्रश्नावली निदान करत नाही. कोणत्या मुलाबद्दल अधिक बोलावे लागेल, एवढेच ती सांगते.

साधन हाताशी असूनही बहुसंख्य दवाखान्यांत ते वापरले जात नव्हते. डॉक्टरांकडे वेळ नव्हता, या कामाचा मोबदला मिळत नव्हता, आणि दोष आढळल्यास मुलाला पाठवायचे कोठे, हा प्रश्न होताच. उत्तर हाती नसलेला प्रश्न पालकांना विचारणे अनेकांना अप्रशस्त वाटे.

ही स्थिती न्यायालयाच्या निर्णयाने पालटली. गरीब कुटुंबांसाठीच्या मेडिकेड या शासकीय विमा योजनेखाली मुलांना आवश्यक त्या मानसिक सेवा मिळत नाहीत, म्हणून २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याविरुद्ध संघराज्य न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. तो 'रोझी डी. विरुद्ध रॉमनी' या नावाने ओळखला जातो. रॉमनी म्हणजे तत्कालीन राज्यपाल मिट रॉमनी. न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी जानेवारी २००६ मध्ये मुलांच्या बाजूने निर्णय दिला. मेडिकेडच्या कायद्यानुसार मुलांची वेळोवेळी तपासणी, निदान व उपचार करणे राज्यावर बंधनकारक असून राज्याने हे कर्तव्य पुरेसे पाळलेले नाही, असा त्याचा आशय होता.

निर्णयाच्या अंमलबजावणीचा भाग म्हणून ३१ डिसेंबर २००७ पासून मासहेल्थ, म्हणजे राज्याची मेडिकेड योजना, हिच्या कक्षेतील मुलांना प्रत्येक नियमित तपासणीच्या वेळी प्रमाणित प्रश्नावली देऊ करणे डॉक्टरांना आवश्यक झाले. मान्य प्रश्नावल्यांची यादी प्रसिद्ध करण्यात आली. तिच्यात तान्ह्या मुलांच्या विकासापासून किशोरांच्या व्यसनापर्यंतचे विषय समाविष्ट होते. या कामासाठी स्वतंत्र मोबदलाही ठरवण्यात आला. २००८ च्या पहिल्या तिमाहीत अशा तपासणीभेटींपैकी १६.६ टक्के भेटींत चाळणी तपासणी झाली होती, तर २००९ च्या पहिल्या तिमाहीत हे प्रमाण ५३.६ टक्के झाले.

नियम लागू झाला तेव्हा एमसीपॅपची पथके राज्यभर कार्यरत होती, ही बाब महत्त्वाची आहे. प्रश्नावलीत दोष दिसल्यावर काय करावे, हे विचारण्यासाठी डॉक्टरांकडे एक क्रमांक होता. चाळणी तपासणी आणि सल्लासेवा स्वतंत्र मार्गांनी, एक न्यायालयातून व दुसरी वैद्यकीय प्रयोगातून, उभी राहिली. व्यवहारात मात्र दोन्ही परस्परांवर अवलंबून आहेत.

== औषधांचा प्रश्न ==

प्रकल्पाचा आरंभ आणि नैराश्यविरोधी औषधांवरील वाद एकाच वेळी घडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये मुले व किशोर यांना दिल्या जाणाऱ्या सर्व नैराश्यविरोधी औषधांवर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश दिला. २४ चाचण्यांतील सुमारे ४,४०० रुग्णांच्या माहितीवर तो आधारलेला होता. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के रुग्णांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन आढळले, तर औषधाचा आभास देणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. या चाचण्यांत एकाही रुग्णाने आत्महत्या केली नव्हती.

इशाऱ्यानंतर मुलांना ही औषधे देण्याचे प्रमाण घटले. अनेक बालरोगतज्ज्ञांनी ती लिहून देणेच टाळले. त्यामुळे मध्यम किंवा तीव्र नैराश्य असलेली, परंतु तज्ज्ञापर्यंत न पोहोचलेली किशोरवयीन मुले उपचाराविना राहण्याचा धोका निर्माण झाला. फ्लुओक्सेटीन हे औषध तर २००३ मध्येच ८ वर्षांवरील मुलांच्या नैराश्यासाठी मान्यता पावले होते. कोणत्या मुलाला औषध द्यावे, किती मात्रेने सुरुवात करावी, पहिल्या काही आठवड्यांत कशावर लक्ष ठेवावे आणि कोणत्या लक्षणांवर औषध थांबवावे, हे प्रश्न एमसीपॅपच्या पथकांकडे सातत्याने येतात. औषध न देण्याचा सल्लाही तितकाच उपयोगी ठरतो. दंगेखोर मुलाला शांत करण्यासाठी तीव्र औषधांची मागणी होते तेव्हा त्यामागील कारण शोधण्याकडे डॉक्टरचे लक्ष वळवले जाते.

== खर्च ==

राज्यातील १८ वर्षांखालील सुमारे पंधरा लाख मुलांचा विचार करता दर मुलामागे वर्षाला सुमारे दोन डॉलर एवढाच खर्च पहिल्या दशकात येत असे. सल्ल्याचा मोठा वाटा खाजगी विमा असलेल्या मुलांसाठी वापरला जात होता आणि खर्चाचा भार मात्र शासनावर होता. त्यामुळे खाजगी विमा कंपन्यांकडूनही निधीचा वाटा घेण्याची तरतूद पुढे करण्यात आली.

== परिणाम ==

सार्वेट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जुलै २००५ ते डिसेंबर २००८ या साडेतीन वर्षांत पथकांनी १०,११४ मुलांसंबंधी ३५,३३५ वेळा सेवा दिली. आपल्याकडील मानसिक समस्याग्रस्त मुलांच्या गरजा सहसा भागवता येतात, असे मानणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण प्रकल्पापूर्वी ८ टक्के होते. ते ६३ टक्क्यांपर्यंत वाढले. सल्ला उपयुक्त ठरल्याचे ९१ टक्के डॉक्टरांनी नोंदवले. ही सारी डॉक्टरांची मते आहेत. मुलांची प्रकृती किती सुधारली, हे त्यांवरून सिद्ध होत नाही.

ब्रॅडली स्टाइन व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात २०१६ च्या राष्ट्रीय बालआरोग्य पाहणीचा आधार घेऊन राज्याराज्यांची तुलना करण्यात आली. राज्यव्यापी दूरध्वनी सल्लासेवा असलेल्या राज्यांत १२.३ टक्के मुलांना मानसिक आरोग्यसेवा मिळाली होती, तर अशी सेवा नसलेल्या राज्यांत हे प्रमाण ९.५ टक्के होते. सल्लासेवा उभारणारी राज्ये इतर बाबतींतही अधिक सजग असू शकतात, हे या तुलनेत लक्षात ठेवावे लागते.

== मर्यादा आणि सखोल एकत्रीकरण ==

एमसीपॅप ही एकत्रीकरणाची सर्वांत हलकी पायरी मानली जाते. सल्ला कितीही चांगला असला, तरी पालकांशी बोलणे, औषधाची मात्रा बदलणे आणि पुन्हा भेटीस बोलावणे हे काम पंधरा-वीस मिनिटांच्या भेटींत डॉक्टरलाच करावे लागते. दूरध्वनी करायचा की नाही, हेही त्याच्याच इच्छेवर असते. समन्वयकाला जवळपास समुपदेशकच सापडला नाही, तर सल्ला कागदावर राहतो. तातडीच्या प्रसंगांसाठी ही सेवा नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेली मुले आपत्कालीन विभागात दाखल होऊन खाटेच्या प्रतीक्षेत राहतात, ती समस्या या प्रकल्पाच्या कक्षेबाहेरची आहे.

यापुढची पायरी म्हणजे मानसिक आरोग्य कर्मचारी दवाखान्यातच नेमणे. पिट्सबर्ग परिसरातील आठ बालरोग दवाखान्यांत डेव्हिड कोल्को यांनी केलेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. वर्तनसमस्या असलेल्या ३२१ मुलांपैकी ज्यांना दवाखान्यातच उपचार मिळाले, त्यांच्यात उपचार सुरू होण्याचे प्रमाण ९९.४ टक्के आणि पूर्ण होण्याचे ७६.६ टक्के होते. बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याच्या पद्धतीत हीच प्रमाणे अनुक्रमे ५४.२ आणि ११.६ टक्के होती. चिठ्ठी मिळूनही जवळपास निम्मी मुले उपचारापर्यंत पोहोचलीच नाहीत, हा या आकड्यांचा अर्थ होतो.

त्याच वर्षी सिएटल येथील लॉरा रिचर्डसन यांनी नैराश्यग्रस्त १०१ किशोरांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. दवाखान्यात नेमलेला कर्मचारी रुग्णाच्या संपर्कात राहून प्रगती मोजत असे आणि मनोविकारतज्ज्ञ त्याच्यावर देखरेख ठेवत असे. वर्षअखेर या गटातील ५०.४ टक्के किशोर नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण २०.७ टक्के होते. मॅसॅच्युसेट्समध्येही बोस्टन मेडिकल सेंटरच्या नेतृत्वाखालील 'टीम अप' या उपक्रमाने सामुदायिक आरोग्यकेंद्रांत असे कर्मचारी नेमले आहेत. मात्र या पद्धतीसाठी मनुष्यबळ व जागा लागते. लहान, एकाच डॉक्टरच्या दवाखान्याला ती परवडत नाही. त्यामुळे दूरध्वनी सल्लासेवेचे महत्त्व टिकून आहे.

== विस्तार ==

२०१४ मध्ये प्रकल्पाला 'एमसीपॅप फॉर मॉम्स' ही शाखा जोडण्यात आली. गरोदर व बाळंत स्त्रियांमधील नैराश्याविषयी ती प्रसूतितज्ज्ञांना व इतर डॉक्टरांना सल्ला देते. बाळाच्या तपासणीसाठी आलेल्या आईची ढासळलेली मनःस्थिती बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात येते, पण ती त्याची रुग्ण नसते. ही अडचण या शाखेमुळे काही अंशी सुटली.

वॉशिंग्टन राज्याने २००८ मध्ये 'पार्टनरशिप ॲक्सेस लाइन' ही अशीच सेवा सुरू केली. इतर राज्यांतही हळूहळू अशा सेवा निघाल्या आणि त्यांचे राष्ट्रीय जाळे तयार झाले. डिसेंबर २०१६ मध्ये संमत झालेल्या 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट' या कायद्याने राज्यांना बालमनोविकार सल्लासेवेसाठी संघराज्याचे अनुदान देण्याची तरतूद केली आणि २०१८ मध्ये १८ राज्यांना पहिली अनुदाने मिळाली. कोविड-१९ च्या साथीत मुलांमधील मानसिक समस्या वाढल्यावर २०२१ च्या 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' कायद्याने हा निधी वाढवला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबर रोजी बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ आणि बालरुग्णालये यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी उद्भवल्याचे संयुक्तपणे घोषित केले. प्राथमिक बालरोगसेवेतच मानसिक आरोग्यसेवा देण्याच्या पद्धतींना निधी मिळावा, ही त्या निवेदनातील एक मागणी होती.